नवोदयचा फॉर्म भरायच्या आधी लेकराकडे बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत शिक्षण या विषयावर झालेल्या बोलण्याचा मजकूर)



गेल्या दोन महिन्यांत चार गटांच्या कर्जमागणीत एकच कारण लिहिलेलं दिसलं, 'मुलाचा नवोदयचा क्लास'. कुणी पाच हजार मागितले, कुणी पंधरा. असं कर्ज द्यावं का, असं सचिवताईंनी विचारलं, म्हणून आज हा विषय घेतला. शिक्षणासाठी कर्ज द्यायला माझी ना नाही. दशसूत्रीत शिक्षण हे सूत्र आपणच दर बैठकीत म्हणतो. पण कर्जाच्या आधी एक प्रश्न येतो. ती शाळा आपल्या लेकराला मानवेल का?

आधी शाळा समजून घेऊ. जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. 1985-86 साली देशात पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, त्यातली एक आपल्या अमरावतीची. ही शाळा खेड्यातल्या हुशार मुलांसाठीच काढलेली आहे. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींना. सहावी ते आठवी राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं मोफत. नववीपासून महिन्याला थोडी फी असते, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तीही माफ. अशी संधी सोपी नाही. म्हणून हिला नावं ठेवायला मी उभी राहिलेली नाही.

आता परीक्षा. पाचवीत असताना ती एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसता येत नाही. दोन तासांत 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न आकृत्यांचे, 20 गणिताचे, 20 भाषेचे. पेपर मराठीतून देता येतो, आणि उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. जागा मात्र एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त 80. म्हणजे जिल्ह्यातल्या एकेका गावाला एक जागाही वाट्याला येत नाही.

ही परीक्षा मुलाचं डोकं किती चालतं ते बघते. पण मूल तिथं रमेल का, हे ती बघत नाही. ते आईनंच बघायचं. तिथं पहाटे उठून व्यायाम, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा सगळ्यांनी एकत्र बसून अभ्यास. आपली बादली, आपले कपडे, आपलं अंथरूण आपणच बघायचं. घरच्यांना भेटायचे दिवस ठरलेले. गावातल्या शाळेत पहिला आलेला मुलगा तिथं वर्गात तिसावा येऊ शकतो, कारण तिथं सगळेच आपापल्या गावचे पहिले असतात. नववीपासून गणित, विज्ञान इंग्रजीतून. आणि नववीत साधारण 30 टक्के मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवायची पद्धत आहे. हे ऐकून घाबरायचं नाही, पण आधी माहीत हवं.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरी चार गोष्टी बघा. त्याला पैसा लागत नाही.

पहिली, गणित अडलं की लेकरू काय करतं? परत करून बघतं, कुणाला विचारतं, की वही मिटून रडतं? जे विचारतं ते तिथं टिकतं. गुणांपेक्षा ही सवय मोठी.

दुसरी, मामाच्या नाहीतर मावशीच्या गावी ते तुमच्याशिवाय आठ दिवस राहिलंय का? राहिलं नसेल तर सुट्टीत ठेवून बघा. रोज रात्री फोन करून 'न्यायला ये' म्हणत असेल, तर घाई करू नका. काही मुलं दहाव्या वर्षी तयार असतात, काही तेराव्या. उशिरा तयार होणारं लेकरू कमी हुशार नसतं.

तिसरी, अंघोळ, वेणी, कपडे धुणं, दुखलंखुपलं तर मोठ्या माणसाला सांगणं हे येतं का? विशेषतः सांगणं. गप्प बसून सोसणाऱ्या लेकराची मला जास्त काळजी वाटते.

चौथी, जायचं कुणाला आहे? लेकराला, की शेजारच्याचा लागला म्हणून आपल्याला? दोघंच असताना विचारा, आणि 'नाही' आलं तर चिडू नका. जमलं तर ज्यांची मुलं तिथं शिकतात अशा घरी लेकराला घेऊन जा, त्या मुलांशी बोलू द्या.

आता मुलींबद्दल. आपल्याकडं उलटं होतं. पोरगी तयार असते, तिला जायचं असतं, पण घर म्हणतं, धाकट्याला कोण सांभाळणार, एवढ्या लांब मुलीला कशाला. मैत्रिणींनो, हे कारण तिच्या मानवण्याचं नाही, आपल्या सोयीचं आहे. अशा घरी गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन बोललं पाहिजे.

परत कर्जाकडं येते. फॉर्म भरायला फी नाही. प्रश्न पाचवीपर्यंतच्या अभ्यासावरचे. आकृत्यांचा सराव जुन्या प्रश्नपत्रिकांवर होतो, आणि त्या आपल्या शाळेतल्या गुरुजींना मागता येतात. 15,000 कर्जाला शेकडा 2 रुपयांनी महिन्याला 300 रुपये नुसतं व्याज. त्यात मुलाला सांगितलं जातं, 'तुझ्यासाठी कर्ज काढलंय.' दहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर हे ओझं कशाला? माझं मत असं, की गावातली पाचवीची मुलं एकत्र करा, गटातली शिकलेली ताई रोज तासभर बसवेल, ग्रामसंघानं जागा आणि प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स द्याव्यात. लागला नंबर तर आनंद. नाही लागला तरी गणित पक्कं झालं, ते कुठं जात नाही.

आणि नंबर नाही लागला, किंवा आपणच पाठवायचं नाही ठरवलं, तर वाट संपत नाही. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. ती सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे, नवोदयच्या मुलांना ती नाही. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला 50. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. ही तारीख आतापासून वहीत लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना विचारत राहा.

शेवटचं, गेलेलं लेकरू तिथं रमलं नाही तर? सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळीच रडतात, लगेच आणू नका. पण जेवण सुटलं, बोलणं बंद झालं, तर शिक्षकांना भेटा, आणि गरज पडली तर घरी आणा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्याला उशीर झाला म्हणून गावातल्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. लोक म्हणतील परत आला. म्हणू द्या. आपण लेकराला शिकायला पाठवलं होतं, घराण्याचं नाव काढायला नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं पाचवीतल्या मुलामुलींची यादी आणावी, म्हणजे अभ्यासाचा तास कुठं सुरू करायचा ते ठरवता येईल.