उन्हाळ्यात खेळाचा तास बंद करायचा का?

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐका, हात थांबवू नका.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळची शाळा होती आणि खेळाचा तास शेवटी, अकराच्या उन्हात. गटातल्या एका ताईंची सहावीतली मुलगी खो-खो खेळताना घेरी येऊन पडली. सावलीत नेलं, ओल्या कापडानं अंग पुसलं, वारा घातला, तेव्हा तिनं डोळे उघडले. त्या संध्याकाळी गटाची बैठक होती, पण हप्ते बाजूलाच राहिले. निम्म्या जणी म्हणाल्या, उन्हाळ्यात खेळाचा तास बंदच करा. एक आजी म्हणाल्या, पोरीच्या जातीला खेळ हवाय कशाला? तेव्हा मात्र आम्ही सावध झालो. मुलींचा एकदा बंद झालेला खेळ पावसाळ्यात पुन्हा सुरू होतोच असं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी शाळेत गेलो, जरा तावातच. सर म्हणाले, पत्र्याच्या खोल्या दहानंतर तापतात, म्हणून गणित आणि भाषा आधी घेतो. तेही खोटं नव्हतं. मग त्यांनी मुलीलाच विचारलं, सकाळी काय खाल्लं होतंस? नुसता चहा. पाणी? तेही नाही. शाळेच्या संडासात पाणी नसतं, जायची वेळ येऊ नये म्हणून ती पाणी प्यायचीच नाही. आम्ही गप्प झालो. आमच्यातल्या कितीतरी जणी रानात खुरपायला गेल्यावर हेच करतो!

आशाताईंनी नीट समजावलं. पळताना अंगात उष्णता तयार होते, घाम ती बाहेर काढतो, आणि घामाला पाणी लागतं. खेळाच्या नादात मुलांना तहान कळत नाही, म्हणून खेळाआधी आणि मध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजायचं. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा ऊन तापायला लागल्याबरोबर शर्यती नकोत. मूल बरळायला लागलं, अंग चटका बसावा इतकं तापलं, शुद्ध हरपली, तर उष्माघात समजायचा. लगेच 108 ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहायचं. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा बापडे, पण दप्तरात पाण्याची बाटली आधी.

आता खेळाचा तास सात वाजता असतो आणि शेवटच्या तासाला मुलं लिंबाखाली बैठे खेळ खेळतात. आमचं काम वाढलं, कारण उपाशी पोटी खेळायला पाठवून चालत नाही. पहाटे चुलीला वेळ नसेल तर रात्रीची भाकरी दुधात कुस्करून देतो.

हे ठरलं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आमच्यातल्या तिघींची नावं त्यात आधीपासून होती. पण रजिस्टर सहीला घरी यायचं आणि आम्ही न वाचता सही करायचो. त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसून बोललो.

संडासाची टाकी अजून बसलेली नाही. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, येत्या ग्रामसभेत विचारणार आहोत. तोवर गटातल्या दोघी पाळीपाळीनं रोज चार हंडे पाणी शाळेत नेऊन ओततात.