वर्तनाची नोंद आणि शेकडेवारी



“हा मुलगा सदानकदा जागेवरून उठतो,” असे वर्गात सहज बोलले जाते. त्या बोलण्यात तथ्य असेलही. परंतु ‘सदानकदा’ या शब्दाने काहीच मोजता येत नाही. मुलाच्या नावापुढे एकदा शेरा पडला की तो इयत्तांमागून इयत्ता त्याच्याबरोबर चालतो. यास्तव शेऱ्यापूर्वी नोंद असावी.

वर्तन-विश्लेषणाच्या शास्त्रात रूढ असलेली एक रीत प्राथमिक शाळेस सहज पेलण्याजोगी आहे. प्रथम वर्तन नेमके ठरवावे. ‘चंचलपणा’ डोळ्यांना दिसत नाही. ‘आसन सोडून उभे राहणे’ दिसते. एका शिक्षकाने पाठ घ्यावा, दुसऱ्याने मागे बसून पंधरा मिनिटे निरीक्षण करावे. त्या वेळाचे पंधरा सेकंदांचा एक, असे ६० भाग पाडावेत. ज्या भागात ते वर्तन एकदा तरी घडले तेथे फुली, न घडले तेथे शून्य मांडावे. फुल्या १८ आल्या, तर १८ ला ६० ने भागून १०० ने गुणावे. उत्तर शेकडा ३०.

येथे छेद जपावा लागतो. मध्येच कोणी भेटीस आले व सहा भाग पाहावयाचे राहिले, तर तेथे शून्य मांडू नये. छेद ५४ धरावा. जे पाहिलेच नाही, ते घडले नाही असे कसे लिहावे?

शेकडा ३० याचा अर्थ मूल तीस वेळा उठले, असा होत नाही. तितका वेळ ते उभेच होते, असाही होत नाही. क्षणभर उठले तरी सबंध भागास फुली पडते. त्यामुळे या रीतीत वर्तनाचा काळ प्रत्यक्षाहून अधिक भासतो. दोन दिवसांची तुलना करावयाची तर भागांची लांबी तीच ठेवावी आणि शेकडेवारीशेजारी मूळ आकडेही लिहावेत.

अखेरीस, फुल्या कोठे दाटल्या आहेत ते पाहावे. समजा, १८ पैकी १२ फुल्या शेवटच्या पाच मिनिटांत आहेत. म्हणजे पहिल्या ४० भागांत शेकडा १५ आणि शेवटच्या २० भागांत शेकडा ६०! दहा मिनिटे बऱ्यापैकी स्थिर बसलेले मूल पुढे का उठू लागले? पाठ लांबला, की हाताला काम उरले नाही? शोध आता तेथून सुरू व्हावा. मुलाच्या नावापुढील जागा तोवर कोरीच राहू द्यावी.