आजोबांच्या नावापुढचा रकाना

आमच्या दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. त्याआधी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं होतं. जैन, लिंगायत, एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर शिकायला कोल्हापुरात येईल, पण राहील कुठं आणि खाईल काय, हा तेव्हाचा प्रश्न होता.

आजचा प्रश्न कागदाचा आहे.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं सांगतो. वडील फळांचा गाडा लावतात. २०२४ ला ती बारावी झाली, मार्कही चांगले पडले. फार्मसीची फी ऐकून वडील मला म्हणाले, "भाई, गाडा विकला तरी एक वर्ष निघत नाही." ओळखीच्या एका माणसाकडून व्याजानं पैसे उचलायची तयारी चालली होती. मी म्हटलं, जरा थांबा.

त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारचा निर्णय निघाला. वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. हे बागवान कुटुंब. बागवान ओबीसीत आहेत. म्हणजे काम झालंच, असं मला वाटलं. पण जातीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय होतं? नुसतं 'मुसलमान'.

ही आमच्यातल्या पुष्कळ घरांची अडचण आहे. गुरुजींनी विचारलं असेल, "कोण रे तुम्ही?" पोरगं म्हणालं, "मुसलमान." गुरुजींनी लिहून टाकलं. अत्तार, तांबोळी, बागवान हे घरात ठाऊक होतं, रजिस्टरात आलं नाही. पन्नास-साठ वर्षांनी त्याची किंमत नातीनं मोजायची.

मग आम्ही आजोबांच्या थोरल्या भावाच्या मागं लागलो. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची नोंदही पुराव्याला चालते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते आजोळी, खेड्यातल्या शाळेत शिकले होते. मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तिसऱ्या पानावर नाव सापडलं आणि पुढं शाईनं लिहिलेलं, 'मुसलमान बागवान'. मुलीच्या वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

पुढचं सोपं होतं असं नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, मग जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र. आधार कार्डावर आडनाव शेख, गुणपत्रिकेवर बागवान. ते दुरुस्त करण्यात दोन आठवडे गेले. 'महाडीबीटी'वर अर्ज भरला आणि बँक खातं आधारला जोडलं. एवढ्यावर निर्धास्त राहू नका. अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढं जावा लागतो. त्रुटी निघाली तर तो परत येतो आणि परत आल्याचं घरी कुणी सांगायला येत नाही. दर आठवड्याला उघडून बघायचा. आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं.

जातीचा पुरावा मिळालाच नाही तरी दार बंद होत नाही. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. नोंदणीकृत मजुरांच्या नि अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे. शिवाजी विद्यापीठात 'कमवा व शिका' आहे.

मुलीला प्रवेश मिळाला, फी माफ झाली. तिचा धाकटा भाऊ अजून शाळेत आहे. त्याच्या वडिलांनी त्या रजिस्टरातल्या नोंदीची आणखी एक साक्षांकित नक्कल आत्ताच आणून ठेवली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाशेजारी.