गोखले संस्था आणि मोजदादीची विद्या



सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आपल्या बुऱ्हाणपुरास येऊन गेला. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, इतकेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीला माल दिसतो आणि बाजार दिसतो. ते कापड विणणाऱ्या कोष्ट्याच्या घरी किती माणसे जेवणारी होती, सुतासाठी त्याने कर्ज किती काढले आणि विकल्या ठाणातून त्याच्या हाती काय उरले, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते. हे प्रश्न विचारणे हेच ज्यांचे काम, त्या शास्त्रांना आपण सामाजिक शास्त्रे म्हणतो. आणि मराठी मुलुखात त्यांचे स्वतंत्र घर बांधले गेले ते पुण्यास, 1930 साली. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था ती हीच.

अशी घरे दुसरीकडेही बांधली गेली. चीनमध्ये 1937 साली कम्युनिस्ट पक्षाने येनानच्या बाजूस कार्यकर्त्यांसाठी एक शाळा काढली आणि तिच्याच परंपरेतून 1950 साली पेकिंगला जनता विद्यापीठ उभे राहिले. सामाजिक शास्त्रांसाठी त्या देशात ते अग्रगण्य मानले जाते. पण ज्या सत्तेने ते उभारले, तिच्याच काळात 1952 साली चिनी विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषय काढून टाकण्यात आला. सांस्कृतिक क्रांतीत, 1970 साली, ते विद्यापीठच बंद झाले आणि 1978 साली पुन्हा उघडले. समाजाची मोजदाद करणाऱ्याला राज्यकर्त्यांचा आधार लागतो खरा, परंतु तो आधार केव्हा काढून घेतला जाईल याचा नेम नसतो.

पुण्यातील संस्थेचा जन्म निराळ्या रीतीने झाला. तिची पूर्वपीठिका सार्वजनिक सभेत शोधावी लागते. 1876-77 च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांनी सरकारी अहवालांतील आकडे पिंजून काढले आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या कायदेमंडळातील अंदाजपत्रकीय भाषणांना त्या आकड्यांचे बळ मिळाले. गोखल्यांनी 1905 साली भारत सेवक समाज स्थापन केला. त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, समाजाच्याच आवारात ही संस्था निघाली. काळ्यांच्या नावाने तेथे व्याख्याने होतात, डॉ. आंबेडकरांचे संघराज्याच्या प्रश्नावरील 1939 चे गाजलेले भाषण त्याच मालेतील.

पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. वय अवघे एकोणतीस. पण हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ 1924 सालीच प्रसिद्ध झालेला होता. एवढ्या नावाचा मनुष्य मोठमोठे सिद्धांत मांडण्याच्या नादी लागता तर कोणास नवल वाटले नसते. त्यांनी पाहणीसाठी काय घ्यावे? पुण्याच्या बाजारातील फळे! बागेत उतरलेले फळ किती हातांतून गिऱ्हाइकापर्यंत पोचते, अडत्या काय घेतो, दलाल काय घेतो, याचा शोध घेणारे पुस्तक संस्थेने 1933 साली छापले. दोन वर्षांनी मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीवरचे निघाले, 1940 साली वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाचे. पुणे शहराची पाहणी 1945 व 1952 अशा दोन भागांत प्रसिद्ध झाली.

यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी, 1948 सालची. कालवा फायद्याचा की तोट्याचा हे सरकार तोवर पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरवीत असे. गाडगिळांनी बागायती गावांच्या शेजारी जिरायती गावे ठेवून तुलना केली. पाण्यामुळे पीक किती वाढले एवढ्यावर न थांबता, मजुरीचे दिवस किती वाढले, व्यापार किती वाढला, सरकारच्या इतर उत्पन्नात भर किती पडली, हेही हिशेबात धरले. पाणीपट्टीत न दिसणारा लाभ अशा रीतीने प्रथमच आकड्यांत दिसू लागला. त्याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा अध्यक्षपदी गाडगीळ बसले. अभ्यासकाने असे पद घ्यावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. ज्याने ती गावे घरोघर जाऊन मोजली, त्याने तेथल्या माणसांपासून दूर राहावे हे मला तरी अधिक विचित्र वाटले असते.

1966 साली गाडगिळांनी संस्था सोडली आणि पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या जागी वि. म. दांडेकर आले. दांडेकरांची लेखणी तिखट. मुंबई राज्याच्या 1948 च्या कुळकायद्याची त्यांनी खुदानपूर यांच्यासह पाहणी केली आणि कायदा पुस्तकात राहिला, गावात मात्र बहुतांशी जुनीच रीत चालू आहे, असे 1957 साली दाखवून दिले. त्याहून मोठा स्फोट 1971 चा. नीळकंठ रथ यांच्यासह लिहिलेल्या दारिद्र्यावरील निबंधात त्यांनी माणशी रोज 2250 उष्मांक ही किमान मर्यादा धरली आणि 1960-61 साली खेड्यांतील सुमारे 40 टक्के व शहरांतील सुमारे 50 टक्के लोक तेवढेही मिळवू शकत नव्हते, असा हिशेब मांडला. नियोजनाची दोन दशके उलटल्यावर हा आकडा समोर येणे कोणत्याही सरकारला रुचणारे नव्हते. तो मांडणारी संस्था बंद पडली नाही, ही गोष्ट पेकिंगच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. आणि त्याला आव्हान मिळाले ते पुण्यातूनच. डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते. सरासरीलाच सीमारेषा मानली तर निरोगी माणसेही उपाशी ठरतात. हा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

1993 साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अलीकडे तिचे नाव वृत्तपत्रांत आले ते बहुधा पैशांच्या कारभारावरून आणि कुलगुरुपदावरून उठलेल्या वादांसाठी. दुसऱ्यांचे जमाखर्च तपासून मोठी झालेली संस्था स्वतःच्या जमाखर्चावरून चर्चेत यावी, हे तिच्या चाहत्यांना बोचते. संशोधनाला मोकळीक पाहिजे, तसा देणगीच्या पैशाचा चोख हिशेबही पाहिजे. पहिल्या पिढीला ही दोन्ही साधली होती.

धनंजयरावांचे नाव धारण करणाऱ्या तेथील ग्रंथालयाने कितीतरी जुने ग्रंथ आता संगणकावर वाचण्यास खुले केले आहेत. आमच्या बुऱ्हाणपूरच्या आणि शेजारच्या रावेरच्या शिवारांतून केळीच्या गाड्या उत्तरेकडे जातात. महाविद्यालयातील दोनचार मुलांनी 1933 चे ते फळबाजाराचे पुस्तक पुढ्यात ठेवावे आणि एका घडाचा प्रवास लिहून काढावा: बागेत भाव काय ठरला, कापणीची मजुरी किती पडली, भाडे किती, अडत किती, वाटेत नासले किती, आणि दिल्लीच्या गिऱ्हाइकाने डझनाला काय मोजले. सुरुवात एका बागेपासून केली तरी चालेल.