निकाल कोणाचा लावता?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मी काही प्राध्यापक नाही. कागद कारखान्यात पाळी करणारा माणूस. दहावीत एकदा नापास झालो, मग रात्रपाळी सांभाळून वाचत गेलो. तेव्हा निकाल या विषयावर बोलायचा मला थोडासा अधिकार आहे, असं समजा.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं 2019 साली स्वतःची शाळा काढली. नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. शाळा कोण्या संस्थाचालकाची नाही, गावाची आहे. मुलं गोंड आदिवासींची. शिकवायचं गोंडीतून, सोबत मराठी आणि इंग्रजीही. 2022 साली मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्यानं ही शाळा अनधिकृत ठरवली, बंद करण्याची नोटीस दिली. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेली.

तुम्ही म्हणाल, जंगलातल्या त्या शाळेचं आपल्याला काय? सांगतो.

आपल्या अभ्यासिकेत मागे एक गोंड पोरगा यायचा. गणितात मागे. पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण दिलं की मान खाली. मीच एकदा म्हणून गेलो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही." उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामावरून तो परत आला. सहज विचारलं, एका पुड्यात सत्तर पानं, घरच्या तिघांनी दोनशे चाळीस पुडे बांधले, तर पानं किती? पोरगा पाटी न घेता म्हणाला, "सोळा हजार आठशे." मी कागदावर करून पाहिलं, बरोबर होतं. गणित त्याला येत होतं. न कळणारी होती ती आमची मराठी. त्या दिवशी नापास झालो तो मी.

अन् मला तरी हे कळायला पाहिजे होतं. मी शाळेत "मले येत नाही" म्हणालो की सारा वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. आपल्या झाडीबोलीवर हसलेलं आपण विसरलो आणि आता दुसऱ्याच्या बोलीवर आपण हसतो.

बाबासाहेबांनी 1927 साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केलं. त्यात त्यांनी आकडे मांडले. पहिलीत शंभर मुलं आली तर चौथीपर्यंत अठराच पोहोचतात, मग पैसा कुठं मुरला, असा त्यांचा सवाल होता. शिवाय कोणत्या समाजाची लोकसंख्या किती आणि शिक्षणात तो कितव्या नंबरावर, हेही त्यांनी काढून दाखवलं. म्हणजे निकाल विचारताना दोन गोष्टी विचारायच्या : किती टिकले, आणि ते कोणाचे होते. नुसत्या टक्केवारीत हे दिसत नाही. घरी आईबाप शिकलेले, पुस्तकाची भाषा घरचीच, अशा पोराचे ऐंशी टक्के आणि घराण्यात पहिल्यांदा पाटी धरणाऱ्या पोराचे पन्नास टक्के एकाच तराजूत कसे तोलता?

2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29 लाख 84 हजार होते. तरी ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. पण त्याच संविधानात कलम 350 क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असं ते सांगतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषाच माध्यम असावी असं लिहिलं आहे. आणि हे आपल्याला नवीन नाही. बुद्धाचं वचन वेदांसारख्या छंदात बांधू, असं दोन भिक्खू म्हणाले, तेव्हा तथागतांनी नकार दिला. लोकांना ते त्यांच्या भाषेत शिकू द्या, असं सांगितलं. विनयपिटकात ही गोष्ट आहे.

आता दुसरी बाजूही ऐका. काही जण म्हणतात, मान्यता नसेल तर त्या पोरांच्या दाखल्याचं काय? पुढं मराठी, इंग्रजीत ती कुठं टिकणार? प्रश्न खरा आहे, टाळून चालणार नाही. दाखल्याशिवाय आपल्या माणसाचे काय हाल होतात, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? पण त्याचा उपाय मान्यता देणं हाही आहे. शाळेत काही कमी असेल तर ते पुरं करून घ्या.

गावाला शाळा चालवता येईल का, अशी शंका घेणाऱ्यांनी त्याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहावं. त्या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 पासून ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली, हिशेब आपण ठेवू लागली. याच जंगलांचा बांबू वर्षानुवर्षे आमच्याकडे आला, मी त्याचा कागद होताना पाहिला. त्या कागदाच्या वह्या देशभर गेल्या. ज्या पोराच्या जंगलातून तो बांबू आला, त्याच्या भाषेतलं पुस्तक मात्र त्यावर छापलं गेलं नाही. ही गोष्ट मला टोचते.

ज्या चांद्यात 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथले आपण. आपल्यातल्या ज्यांना परवडलं त्यांनी पोरं कॉन्व्हेंटात घातली, त्यात गैर काही नाही. मीही नातवाला घातलं. पण सरकारी शाळेत जे उरले ते कोण आहेत, हे तरी वळून पाहा. कामगाराची, मजुराची, आदिवासींची पोरं आहेत. पट कमी म्हणून उद्या ती शाळा बंद झाली तर हीच पोरं घरी बसतील.

म्हणून माझी एकच विनंती. आपल्या अभ्यासिकेच्या वहीत मार्कांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखा : घरची भाषा कोणती, घरात आधी कोण शिकलं, आणि आला तेव्हा पोरगा कुठं होता. वर्षभरानं निकाल लावू तेव्हा पोराबरोबर आपलाही लावू. ती वही मी आणतो. लिहायला दोन जण पुढं या.

इतकं बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! जय संविधान!