चिठ्ठी आता मुलींच्याही नावाची



संरक्षण हा विषय निघाला की आपण म्हणतो, 'ते आपलं काम नाही.' पण ते आपल्या दिवसात आणि घरात कसं शिरतं, हे डेन्मार्ककडे पाहून कळतं.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपभर लष्करी खर्च वाढू लागला. पैसा उभा करायचा म्हणून डेन्मार्कच्या सरकारने २०२३ मध्ये वसंतातली एक जुनी धार्मिक सुटी रद्द केली. कामगार संघटनांनी कोपनहेगनमध्ये मोठा मोर्चा काढला, तरी २०२४ पासून ती सुटी गेलीच. पगारात थोडी भर पडली. पण नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईचा मोकळा दिवस गेला तो गेलाच.

पुढची अडचण माणसांची. विमानं विकत घेता येतात, सैनिक घेता येत नाहीत. तिथे सक्तीची सेवा पुरुषांनाच होती. मुली स्वेच्छेने जात. १ जुलै २०२५ नंतर अठरा वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलींचीही नावं आता चिठ्ठीत आहेत. सेवेचा काळ चारवरून अकरा महिने करायचं ठरलं. सरकार म्हणतं, ही समानता.

आपल्याकडे लष्करातल्या स्त्रिया कायम नेमणुकीसाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढल्या. निकाल २०२० साली लागला. तिथे हक्क बायांनी मागितला होता. इथे गरज सैन्याची आहे.

समान ओझं उचलायला आपण तयार असू. पण युद्ध हवं की नको, हे ठरतं त्या बैठकीत आपण किती जणी असतो? आधी तिथली समानता मागू या.