विकिपीडियावर लेख कसा टिकतो?



विकिपीडियावर कुणीही लेख लिहू शकतं.
पण प्रत्येक लेख तिथे टिकत नाही.

तिथली कसोटी आहे उल्लेखनीयता.
म्हणजे काय?
ज्या व्यक्तीवर लेख आहे, तिच्याविषयी इतरांनी सविस्तर लिहिलेलं हवं.
वर्तमानपत्रात, पुस्तकात, मासिकात.
आणि लिहिणाऱ्याचा तिच्याशी संबंध नको.

आता डॉना स्ट्रिकलंड यांचं ऐका.
या कॅनडातल्या शास्त्रज्ञ.
लेसरवर त्यांचं मोलाचं काम.
2018 च्या मे महिन्यात त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला.
कारण, स्वतंत्र संदर्भ अपुरे.

ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं!
लेख त्याच दिवशी उभा राहिला.

नियम मला योग्यच वाटतो.
तो नसता, तर तिथे जाहिरातींचा सुळसुळाट झाला असता.
पण जिच्या कामाची कुणी दखलच घेतली नाही, तिचं काय?
ही उणीव आधी आपल्या वर्तमानपत्रांची आहे.
मगच विकिपीडियाची.

एखादा लेख वगळायचा प्रस्ताव आला, तर चर्चा होते.
तिथे नुसती मतं मोजत नाहीत.
स्वतंत्र संदर्भ पाहतात.

तुमच्या गावच्या लेखिकेवर मराठी विकिपीडियात लिहायचंय?
आधी ग्रंथालयात जा.
जुने अंक काढा.
तिच्याविषयी इतरांनी काय छापलंय, ते तारखेसह टिपून घ्या.